शेवटची ओळ आणि तिच्या पुढील मौन : लिनक्स कर्नलच्या आरंभलेखाचे परीक्षण

१

यंत्र सुरू करण्याचे बटण दाबल्यापासून ऑपरेटिंग सिस्टिम वापरण्याजोगी होईपर्यंत जो अल्प काळ जातो, त्या काळात तिचा गाभा, म्हणजे कर्नल, आपली स्वतःचीच घडी बसवीत असतो. मेमरीची मोजदाद, अपवादात्मक प्रसंगांची व्यवस्था, घड्याळ, इंटरप्ट, कन्सोल ही सर्व साधने त्याला एकामागून एक उभी करावी लागतात. आणि ती उभी करीत असताना तो आपल्या कामाचा वृत्तांत ओळीओळीने सांगत जातो. या वृत्तांतास येथे ‘आरंभलेख’ असे नाव दिले आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलचा आरंभलेख परीक्षणासाठी निवडण्याचे कारण असे की, या कर्नलची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. त्यामुळे लेखात काय म्हटले आहे आणि ते म्हणविणारी रचना कशी आहे, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून तपासता येतात.

आरंभलेख एरवी फारसे कोणी वाचीत नाही. तो वाचला जातो तो यंत्र सुरू होईनासे झाले म्हणजे. ३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरवर चालणाऱ्या एखाद्या नव्या बोर्डाचे उदाहरण घ्यावे. सिरिअल पोर्टला जोडलेल्या पडद्यावर ‘अनकॉम्प्रेसिंग लिनक्स... डन, बूटिंग द कर्नल.’ एवढी एक ओळ उमटते, आणि पुढे काहीच उमटत नाही. या मौनाचा प्रचलित अर्थ असा लावला जातो की, कर्नल सुरू झाला आणि सुरू होताच बिघडला. मग त्या ओळीच्या लगतच्या कोडमध्ये शोध सुरू होतो. दिवस जातात, जेथे दोष नाही तेथे दुरुस्त्या होतात, आणि त्या दुरुस्त्यांतून नवे दोष निपजतात.

वस्तुतः या प्रचलित वाचनातील एकही विधान त्या ओळीवरून सिद्ध होत नाही. ती ओळ कर्नलच्या मुख्य भागाने उच्चारलेली नाही; तो भाग सुरू झाला असे ती सांगत नाही; आणि पुढील मौनावरून तो बिघडला असेही ठरत नाही. ही चूक यंत्रविद्येच्या अज्ञानातून होते असे म्हणावे, तर मुरलेले अभियंतेही ती करतात. ती वाचनाची चूक आहे. शेवटची ओळ दोषाचे स्थान दाखवीत नाही. ती श्रवणाची सीमा दाखविते. ही सीमा कोठे पडावी हे ठरविताना लिनक्सच्या रचनेने काही ठिकाणी मोठी दक्षता घेतली आहे, तर काही ठिकाणी स्वतःस ज्ञात असलेला दोषही अनुच्चारित ठेवला आहे. या दोन्ही बाजूंचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

कोणत्याही विधानाचा अर्थ लावण्यापूर्वी ते कोणाचे आहे हे ठरवावे लागते. नाटकाच्या संहितेतून पात्रांची नावे पुसून टाकली, तर संवाद हे एकाच पात्राचे लांबलचक भाषण वाटू लागेल. आरंभलेखाची अवस्था नेमकी अशी आहे. एकाच पडद्यावर प्रथम यंत्राचे फर्मवेअर बोलते, मग बूटलोडर बोलतो, त्यानंतर संकुचित रूपात साठविलेला कर्नल उलगडणारा छोटा प्रोग्राम बोलतो, आणि सर्वांच्या शेवटी खुद्द कर्नल बोलू लागतो. चौघांचे अक्षर एक, पडदा एक. पात्रांची नावे मात्र कोठेही नाहीत.

या बाबतीत जुन्या लिलो या बूटलोडरची योजना विशेष लक्षणीय वाटते. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी रचलेल्या या प्रोग्रामचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला. तथापि त्याच्या उच्चारपद्धतीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. लिलो आपले चार अक्षरांचे नाव एकदम उच्चारीत नसे. पहिला भाग मेमरीत येऊन चालू झाला की ‘एल’ हे अक्षर उमटे. ‘एल-आय’ येथे नाव थांबले, तर दुसरा भाग डिस्कवरून आला परंतु चालू होऊ शकला नाही, असा अर्थ होई. ‘एल-आय-एल’ येथे थांबले, तर दुसरा भाग चालू झाला परंतु त्याला आपली वर्णन-सारणी वाचता आली नाही, असे समजावे. चारही अक्षरे उमटली म्हणजे सर्व भाग ठिकाणी आले. जेथे एका वाक्यालाही जागा नव्हती, तेथे नावाच्या अपुरेपणालाच अर्थ देण्यात आला होता. वक्ता कोण, याचे उत्तर अक्षरांतच होते, कारण उच्चारले जात होते ते वक्त्याचे स्वतःचे नाव; आणि तो कोठवर आला, याचेही उत्तर त्यातच होते.

आर्म बोर्डावरील उपरोक्त ओळ याच्या नेमकी उलट आहे. ती उलगडणाऱ्या प्रोग्रामची असून दोन तुकड्यांत उमटते. उलगडण्यापूर्वी पहिला तुकडा, उलगडून झाल्यावर दुसरा. यावरून एवढेच सिद्ध होते की, संकुचित प्रतिमा उलगडली गेली. यानंतर सत्ता कर्नलच्या हाती जाते. तो प्रोसेसर ओळखतो, मेमरीची प्राथमिक कोष्टके मांडतो, पत्त्यांचे भाषांतर सुरू करतो, आणि मग कोठे सी भाषेत लिहिलेल्या भागात प्रवेश करतो. त्याची स्वतःची पहिली ओळ, म्हणजे आवृत्ती सांगणारी नाममुद्रा, या सर्वानंतरची आहे. पण वाचणाऱ्याला ‘कर्नल’ हा शब्द ओळीत दिसतो, आणि ज्याच्याविषयी बोलले जात आहे तोच बोलणारा आहे असा समज होतो. विषय आणि वक्ता यांची ही गल्लत आरंभदोषांच्या शोधातील पहिली भूल होय.

३

दुसरी भूल अधिक सूक्ष्म आहे. लेखात जे दिसते ते घडले त्याच क्रमाने, घडले त्याच क्षणी दिसते, असे वाचक गृहीत धरतो. परंतु कर्नलच्या बाबतीत घडणे, नोंदणे आणि ऐकू येणे या तीन निराळ्या क्रिया आहेत, आणि त्यांच्यात मोठे अंतर पडू शकते.

कर्नलमध्ये संदेश देण्याचे काम ‘प्रिंटके’ नावाचे फंक्शन करते. हे फंक्शन संदेश प्रथम मेमरीतील एका बफरमध्ये लिहून ठेवते. कन्सोल उपलब्ध असेल तर तो संदेश पुढे पडद्यावर किंवा सिरिअल पोर्टवर जातो. नसेल तर तो बफरमध्येच पडून राहतो. त्या बफरचा आकार कर्नल बांधताना ठरतो; नेहमीच्या मांडणीत तो दोनाचा सतरावा घात, म्हणजे १,३१,०७२ बाइट असतो. पुढे कन्सोल नोंदविला गेला की साठलेले संदेश त्यावर एकदम ओतले जातात. म्हणजे पडद्यावर भराभर धावणाऱ्या पहिल्या काही पानांचे स्वरूप पुष्कळदा थेट वृत्तांताचे नसते. ते आठवणींचे असते. आठवणी सांगावयास सुरुवात होण्यापूर्वीच सांगणारा संपला, तर त्या सर्व नोंदी असूनही ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते.

कर्नलच्या सी भाषेतील आरंभ ‘स्टार्ट-कर्नल’ या फंक्शनपासून होतो. त्यात नाममुद्रेची ओळ अगदी सुरुवातीस आहे, तर कन्सोल उभा करणारी सूचना त्यानंतर कितीतरी पायऱ्यांनी येते. मेमरीची व्यवस्था, कामांची पाळी लावणारा शेड्यूलर, इंटरप्ट आणि घड्याळ यांची मांडणी त्यापूर्वी होऊन गेलेली असते. या कन्सोलच्या सूचनेपाशी एक टीप आहे. तिचा आशय असा की, कन्सोल येथे उभा करणे हे खरे तर वेळेआधीचे आहे, इतर उपकरणांची मांडणी अद्याप झालेली नाही. तरीही काही बिघडलेच तर ते दिसावे, यासाठी उच्चार लवकर हवा. संपूर्ण रचनेतील द्वंद्व या छोट्या टिपेत साठविले आहे. ज्याला ती ‘वेळेआधी’ म्हणते, ते दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने फारच उशिराचे असते.

याच ठिकाणी रचनाकारांच्या विवेकाचा एक नमुनाही आढळतो. कर्नलला दिलेल्या प्रारंभिक सूचनांची संख्या मर्यादेबाहेर गेली, तर कर्नल थांबणे अपरिहार्य असते. परंतु ही गोष्ट ध्यानात येते तेव्हा कन्सोल उभा नसतो. अशा वेळी कर्नल तात्काळ कोसळत नाही. तो ती गोष्ट लक्षात ठेवतो, कन्सोल उभा होऊ देतो आणि मगच आपला अंत जाहीर करतो. आपले शेवटचे शब्द कोणाच्या तरी कानी पडावेत यासाठी मृत्यू क्षणभर लांबणीवर टाकण्याची ही योजना, घडणे आणि ऐकू येणे यांतील अंतर रचनाकारांना पुरते ठाऊक होते, याचा पुरावा आहे.

नोंदींच्या काळाविषयीही असेच म्हणावे लागेल. प्रत्येक ओळीच्या आरंभी कंसात सेकंदांचा आकडा असतो. पण आरंभीच्या कित्येक ओळींवर तो शून्य दशांश शून्य असाच दिसतो. त्या सर्व गोष्टी एका क्षणात घडल्या असे नव्हे. घड्याळच अद्याप सुरू झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. येथे शून्य हे मोजमाप नसून मोजमापाचा अभाव आहे. परंतु दोहोंचे लेखन एकच असल्याने वाचक फसतो.

४

आता विधानांच्या व्याकरणाकडे वळावे. मराठीत ‘करणार आहे’, ‘करीत आहे’ आणि ‘केले आहे’ या तीन रूपांनी क्रियेच्या तीन अवस्था स्पष्टपणे वेगळ्या होतात. आरंभलेखाच्या इंग्रजीत मात्र एकच ‘-इंग’ रूप पहिल्या दोन अवस्थांसाठी चालविले जाते. ‘बूटिंग द कर्नल’ याचा अर्थ ‘कर्नल सुरू करणार आहे’ असा घ्यावा की ‘कर्नल सुरू होत आहे’ असा घ्यावा? संहिता पाहता पहिलाच अर्थ खरा ठरतो, कारण उच्चारानंतर उडी मारली जाते. वाचणारा मात्र दुसरा अर्थ घेतो, आणि कित्येकदा तिसऱ्यापर्यंत जातो.

आरंभलेखातील बहुसंख्य ओळी याहून निराळ्या, म्हणजे सिद्ध क्रियेच्या आहेत. अमुक इतकी मेमरी सापडली, अमुक उपकरण नोंदले गेले, अशा त्या असतात. काम पार पडल्यावरच त्या उच्चारल्या जातात. साहजिकच जे काम अर्ध्यावर अडकले, त्याचे नाव लेखात येतच नाही. शेवटच्या ओळीत दिसते ते निर्दोष सुटलेल्या अखेरच्या वक्त्याचे नाव; आणि संशय घेतला जातो तो नेमका त्याच्यावर. साक्ष देण्यास हजर राहिलेल्यालाच आरोपी ठरविण्याचा हा प्रकार होय.

या दोषावर कर्नलमध्येच एक उत्तम उपाय आहे. ‘इनिटकॉल-डीबग’ ही सूचना कर्नलला प्रारंभी दिली, तर प्रत्येक प्रारंभिक फंक्शनपूर्वी ‘याला बोलावीत आहे’ अशी आणि ते परतल्यावर ‘हा परत आला, इतका वेळ लागला’ अशी दुहेरी नोंद होते. बोलावल्याची नोंद आहे आणि परतल्याची नाही, असे एकच नाव मग लेखाच्या शेवटी उरते. आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन उच्चारांमुळे त्यानंतरच्या मौनालाही निश्चित कर्ता मिळतो. मात्र हा उपाय कर्नलच्या घडणीच्या उत्तरार्धालाच लागू पडतो. कन्सोलपूर्वीच्या पायऱ्या या यादीत बहुतांशी बसत नाहीत. आणि अंधार असतो तो तेथेच.

५

संस्कृत व्याकरणाने लोपाला स्थान दिले. जे उच्चारले गेले नाही, तेही विशिष्ट जागी अपेक्षित होते म्हणून कार्यकारी ठरते, ही ती दृष्टी. अपेक्षेची चौकट नसेल, तर अनुच्चार ही केवळ पोकळी राहते. आरंभदोषांचा शोध हा या पोकळीला चौकट देण्याचा उद्योग आहे, आणि त्याची पहिली पायरी मौनाचे प्रकार वेगळे करणे ही होय.

मौन निदान चार कारणांनी पडते. यंत्र खरोखर अडकून राहते, हे पहिले. यंत्र पुनःपुन्हा नव्याने सुरू होते, हे दुसरे. कर्नल दोष ओळखून थांबतो, पण त्याचे निवेदन बाहेर पडत नाही, हे तिसरे. कर्नल सुखरूप पुढे गेलेला असतो आणि केवळ वाणी भलत्या ठिकाणी वळलेली असते, हे चौथे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण इंटेलच्या प्रोसेसर-परंपरेत सापडते. एखादा अपवाद घडला आणि त्याची दखल घेणारी व्यवस्था अद्याप मांडलेली नसली, तर दखल घेतानाच दुसरा दोष होतो. त्याची दखल घेताना तिसरा. या तिहेरी दोषानंतर प्रोसेसर हात टेकतो आणि यंत्र मुळापासून सुरू होते. येथे जुनी, साधी, पण तर्कशुद्ध युक्ती उपयोगी पडते. संशयित मार्गावर एके ठिकाणी अनंत फेरा घालून ठेवावयाचा. यंत्र पूर्ववत् नव्याने सुरू होत राहिले, तर दोष त्या जागेच्या आधी आहे. ते निश्चल राहिले, तर कर्नल तेथवर पोचला. फेरा पुढे-मागे सरकवीत दोषाची जागा निम्म्यानिम्म्याने आवळत जाते. ज्याला एकही अक्षर उच्चारता येत नाही, त्याच्याकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर या रीतीने काढून घेता येते. बोर्डावरील दिवा लावणे, किंवा आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीपासून रूढ असलेल्या ८० या हेक्स क्रमांकाच्या पोर्टवर एखादा अंक लिहिणे, हे याच जातीचे उपाय होत.

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. कर्नलमध्ये नियमित कन्सोलपूर्वी बोलण्यासाठी ‘अर्लीकॉन’ किंवा ‘अर्लीप्रिंटके’ या नावांचा तात्पुरता बूट-कन्सोल असतो. नियमित कन्सोल नोंदला गेला की तात्पुरता बंद केला जातो, आणि तशी ओळही उमटते. प्रारंभिक सूचनांत नियमित कन्सोल म्हणून चुकीचे पोर्ट दिलेले असेल, तर बूट-कन्सोल बंद झाल्याची ती ओळ पडद्यावरची शेवटची ठरते. कर्नल मात्र दुसऱ्या पोर्टवर आपले पाल्हाळ लावीत असतो, आणि कदाचित् लॉगिनची वाटही पाहत असतो. पुष्कळ नवशिके या ओळीलाच दोष समजतात. ‘कीप-बूटकॉन’ ही सूचना देऊन तात्पुरता कन्सोल चालू ठेवला की भ्रम नाहीसा होतो. बदल झाला तो श्रवणाच्या सीमेत. कर्नलमध्ये काहीही बदललेले नसते.

तिसऱ्या प्रकारातही वाणी नसली तरी लेख शिल्लक असतो. बफरमधील नोंदी मेमरीत असतात, आणि वीज न तोडता केलेल्या रीसेटनंतर मेमरीतील मजकूर बहुधा टिकतो. कर्नल बांधताना तयार होणाऱ्या नामसूचीतून त्या बफरचा पत्ता काढावा, त्याचे भौतिक पत्त्यात रूपांतर करावे, आणि यू-बूटसारख्या बूटलोडरच्या मेमरी दाखविणाऱ्या आज्ञेने ती जागा वाचावी. जे ऐकू आले नाही ते अशा रीतीने वाचता येते. पुराभिलेखांच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये.

६

दोष शोधण्यासाठी कर्नलला अधिक बोलके करावे, हा सल्ला सहज सुचतो. पण बोलणे विनामूल्य नसते. सिरिअल पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट धरला आणि एका अक्षरास आरंभ-समाप्तीच्या खुणांसह दहा बिट लागतात हे ध्यानात घेतले, तर सेकंदाला ११,५२० अक्षरे जातात. ऐंशी अक्षरांच्या एका ओळीस सुमारे सात सहस्रांश सेकंद लागतात. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात सत्तर लक्ष आवर्तने होऊन जातात. ९,६०० बिटांच्या वेगाने तीच ओळ त्र्याऐंशी सहस्रांश सेकंद खाते. दोन क्रियांच्या शर्यतीतून उद्भवणारा दोष अशा एका ओळीने नाहीसा होऊ शकतो. मग ओळ काढली की दोष येतो आणि घातली की जातो. निवेदकाच्या उपस्थितीनेच कथानक बदलते.

बाहेरून निरीक्षण करण्याचा मार्ग यासाठी अधिक निर्दोष वाटतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूएमू या यंत्रानुकारी प्रोग्राममध्ये कर्नल पहिल्या सूचनेपाशीच थांबवून ठेवता येतो, आणि जीडीबी हा डीबगर जोडून त्याला पायरीपायरीने चालविता येते. येथे कर्नलला बोलण्याची गरजच उरत नाही. त्याचे अंतरंग उघडे असते. परंतु येथेही वाचनाचा एक सापळा आहे. कर्नल दर वेळी मेमरीत निराळ्या ठिकाणी उतरविण्याची सुरक्षायोजना लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीत, म्हणजे २०१४ मध्ये, इंटेल-परंपरेच्या प्रोसेसरांसाठी आली, आणि २०१७ च्या ४.१२ या आवृत्तीपासून तेथे ती मूळचीच चालू ठेवण्यात आली. ही योजना चालू असता नामसूचीतील पत्ते आणि प्रत्यक्ष पत्ते जुळत नाहीत. संज्ञा आहे, पण तिचा निर्देश दुसरीकडेच. डीबगर मग भलत्या जागी थांबण्याची वाट पाहत राहतो. शोधाच्या काळापुरती ही योजना बंद ठेवण्याची सूचना द्यावी लागते. शिवाय अनुकारी यंत्र म्हणजे प्रत्यक्ष बोर्ड नव्हे. ज्या दोषाचे मूळ उपकरणाच्या स्वभावात आहे, तो अनुकरणात उतरेलच असे नाही.

७

मौनाचे स्थान आणि दोषाचे स्थान किती दूर असू शकतात, हे २०१९ च्या एका प्रसंगावरून पुरेपूर कळते. हा प्रसंग आरंभाच्या अगदी पहिल्या टप्प्यातील नव्हे, त्याच्या उत्तर टोकाचा आहे. तत्त्व मात्र तेच. लिनक्सच्या ५.३ या आवृत्तीची तयारी चालू असता काही यंत्र सुरू होताना लॉगिनपर्यंत येण्यापूर्वीच अडकू लागले. अडकण्याची जागा होती यादृच्छिक संख्या मागणारी एक सिस्टिम-कॉल. पुरेशी यादृच्छिकता जमेपर्यंत ती मागणाऱ्यास थांबवून ठेवते. शोध त्या कॉलभोवतीच घुटमळला असता, तर सापडण्यासारखे तेथे काही नव्हते. ती आपले काम चोख बजावीत होती.

मूळ बदल होता ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिममध्ये. डिस्कवरील वाचने एकत्र करून त्यांची संख्या कमी करणारी ती सुधारणा होती आणि तिच्यात स्वतःत काहीच चूक नव्हती. वाचने कमी झाली म्हणून डिस्कचे इंटरप्ट कमी झाले. यादृच्छिकता जमविण्याचा एक स्रोत ते इंटरप्ट होते. म्हणून ती जमावयास वेळ लागू लागला, आणि तिची वाट पाहणारे प्रोग्राम थांबून राहिले. एक निर्दोष सुधारणा आणि एक निर्दोष प्रतीक्षा यांच्या संयोगातून यंत्राचे मौन निपजले. टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये ५.३ प्रसिद्ध करताना ती सुधारणा मागे घेतली, आणि पुढील ५.४ मध्ये कर्नलने प्रसंगी यादृच्छिकता स्वतःच निर्माण करावी अशी सोय केली.

हे मूळ सापडले ते आरंभलेखाच्या वाचनाने नव्हे. बदलांचा इतिहास निम्म्यानिम्म्याने तपासण्याच्या गिटमधील ‘बायसेक्ट’ पद्धतीने ते सापडले. चालणारी आवृत्ती आणि न चालणारी आवृत्ती यांच्यामध्ये दहा हजार बदल असले, तरी चौदा चाचण्यांत त्यांतील एक निश्चित करता येतो. पाठचिकित्सक हस्तलिखितांच्या परंपरेत भ्रष्ट पाठ प्रथम कोठे शिरला हे शोधतो, तसाच हा व्यापार आहे. एका प्रतीत कितीही खोल शिरून जे कळत नाही, ते प्रतींची तुलना केली म्हणजे कळते.

८

या सर्व विवेचनानंतर लिनक्सच्या आरंभलेखाचे मूल्यमापन करता येईल. नोंदणे आणि ऐकविणे वेगळे करणारी बफरची योजना ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. तिच्यामुळे वाणीच्या आधीही स्मृती असते. मृत्यू लांबणीवर टाकण्याचा विवेक, आधी-नंतरची दुहेरी नोंद, तात्पुरता कन्सोल हेही त्याचे गुण आहेत.

परंतु एक उणीव अक्षम्य वाटते. ३२ बिटांच्या आर्म रचनेत प्रोसेसर ओळखता आला नाही, तर कर्नलला ते तात्काळ कळते. त्यासाठी निवेदनाचे वाक्यही संहितेत तयार आहे. मात्र ‘डीबग-एलएल’ ही निम्नस्तरीय सोय कर्नल बांधतानाच अंतर्भूत केली नसेल, तर ते वाक्य कर्नलमध्ये उतरतच नाही, आणि कर्नल अनंत फेऱ्यात मूकपणे उभा राहतो. इंटेल-परंपरेतही आरंभीच्या अपवादाची ओळख पटते, निवेदन रचले जाते. पण तात्पुरता कन्सोल मागितलेला नसल्यास ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दोष अज्ञात असता मौन पाळणे ही असहायता होय. दोष ज्ञात असता पाळलेले मौन हे रचनेचे वर्तन होय, आणि त्याचा जाब विचारता येतो.

यावर असे उत्तर दिले जाईल की, निम्नस्तरीय सोय विशिष्ट सिरिअल पोर्टच्या पत्त्याशी बांधलेली असते. ती अंतर्भूत केलेला कर्नल दुसऱ्या बोर्डावर चालेलच याची हमी राहत नाही, आणि अनेक बोर्डांसाठी एकच कर्नल बांधण्याचे धोरण त्यामुळे कोलमडते. हे उत्तर खरे आहे. परंतु त्यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की, वाक्य उच्चारता येणार नाही. वाक्याचा अंक मेमरीतील ठरलेल्या जागी लिहून ठेवता येणार नाही, असे त्यावरून निघत नाही. रीसेटनंतर बूटलोडरने तो अंक वाचावा, एवढी सोयही पुरेशी होईल. लिलोजवळ वाक्यापुरती जागा नव्हती, तरी चार अक्षरांत त्याने आपले काम भागविले. साधनांची टंचाई हे अनुच्चाराचे कारण म्हणून पुढे करता येत नाही, हे त्या जुन्या प्रोग्रामने दाखवून दिले आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या परीक्षणातून एक शिस्त हाती लागते. शेवटची ओळ पाहताच तीन प्रश्न विचारावेत. ही ओळ कोणाची? ती होणाऱ्या कामाविषयी आहे की झालेल्या? आणि तिच्यानंतरची ओळ घडलीच नाही, नोंदली गेली नाही, की केवळ ऐकू आली नाही? या प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वी संहितेला हात लावणे म्हणजे पाठ निश्चित होण्यापूर्वी त्यावर भाष्य लिहिण्यासारखे आहे. आणि संदेश रचणाऱ्यासाठी याच शिस्तीची दुसरी बाजू अशी की, आपल्यानंतर मौन पडले तर ते कोणास कसे वाचता येईल, याचा विचार प्रत्येक ओळ लिहितानाच व्हावयास हवा.